कोपर उचला, फिरती काच बोलतेय

अहो, जरा कोपर उचला. हो, तुमचंच. सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवलंय ते. मला फिरायचंय.

मी या गोल टेबलावर मधोमध बसवलेली फिरती काच बोलतेय. टेबल वेगळं आणि मी वेगळी, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक आमची सरमिसळ करतात. टेबल ठोंब्यासारखं एका जागी उभं असतं. त्याला वरून कोपरं टेकतात आणि खालून गुडघे आपटतात. मी त्याच्या डोक्यावर छर्‍यांच्या चकतीवर बसते आणि फिरते. आमच्यात पाणी भरणारा आणि पाणी पिणारा इतका फरक आहे.

तशी मी मूळची एका चपलांच्या दुकानाची दर्शनी काच व्हायची होते. पण कारखान्यात कापणाऱ्याचा हात हलला, माझा एक कोपरा उडाला, आणि तो म्हणाला, "जाऊ दे, हिला गोल करून टाक." माणसाचा कोपरा उडाला तर त्याला कुणी गोल करत नाही, घरी बसवतात. त्या मानाने माझं नशीब थोर. जन्मभर चपलांकडे बघण्याऐवजी नूडल्सकडे बघायला मिळालं.

आमचं चिनी खाण्याचं हॉटेल शहराच्या ऐन मध्यावर, उंच उंच ऑफिसांच्या पायाशी आहे. खोली चिंचोळी, दारात कागदी कंदील, आत वाफच वाफ. गल्ल्यावर मालकीणबाई, आत कढईशी त्यांचा नवरा. सकाळी मालकीणबाई मला फडक्याने लख्ख पुसतात आणि माझ्यात बघून केस सारखे करतात. त्यानंतर दुपारपर्यंत मला काही काम नसतं. मग ऑफिसांची जेवणाची सुट्टी होते आणि धरण फुटल्यासारखी माणसं आत येतात.

दुपारचा आमचा एक नियम आहे. वेगळं टेबल मागायचं नाही. मोकळी खुर्ची दिसेल तिथे बसायचं, आपलं मागवलेलं माझ्यावर ठेवायचं, आणि मला सावकाश, एकाच बाजूने फिरवायचं. तशी पाटीही लावली आहे. पाटीखाली पंखा आहे, त्यामुळे सगळे पंख्याकडेच बघतात.

मला कोण कसं फिरवतं त्यावरून मी माणूस ओळखते. साहेब लोक मला असा झटका देतात की सगळ्यांचं सूप त्यांच्यासमोर येऊन उभं राहावं. आणि "नको हो, पोट फुटायला आलंय" असं म्हणणारे एका बोटाने मला हळूच ढकलत असतात. शेवटचं डम्पलिंग समोर आलं की त्यांना आश्चर्य वाटतं. "अरे, हे माझ्याकडे कसं आलं?" चालत आलं, दुसरं काय!

एकदा अशीच एक नवी मुलगी आली. नुकतंच लग्न झालेली. नवी नोकरी, नवं घर, नवी सासू. जुनी अशी फक्त तिची पर्स होती. सगळं ऑफिस तिला जेवायला घेऊन आलं होतं. बोलायची अगदी कमी. मला फिरवताना आधी सगळ्यांचे हात बघायची, मग बोटाच्या टोकाने ढकलायची. मला ती पहिल्याच दिवशी आवडली.

तिला काड्यांनी खाता येईना. नूडल वर यायची, तिच्याकडे बघायची आणि परत वाटीत उडी मारायची. तेव्हा तिने पर्समधून घरचा स्टीलचा चमचा काढला. त्याच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"हे काय गं?" शेजारच्या मैत्रिणीने विचारलं. ही मैत्रीण तिच्याच ऑफिसातली, तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

"सासूबाईंनी घरातल्या सगळ्या भांड्यांना लावलंय. बाहेर गेलेलं भांडं ओळखू यावं म्हणून."

"तुला लावला नाही का ठिपका? तूही रोज बाहेर जातेस."

ती हसली, पण मग तिने कपाळाला हात लावला. कारण सासूबाईंनी पहाटे उठून करून दिलेला डबा आज तसाच राहिला होता. तो भरलेला घरी न्यायचा म्हणजे पंचाईत, टाकून द्यायचा म्हणजे पाप. शेवटी तिने तो ऑफिसच्या गेटवरच्या काकांना दिला. काकांनी तो चाटूनपुसून खाल्ला, धुऊन दिला.

रिकामा डबा बघून सासूबाई हरखल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कप्पा वाढवला.

झालं! मुलगी अडकली. काकांना डब्याची सवय लागली आणि तिला आमच्या नूडल्सची. त्यात काका पडले चवीचे. डबा परत देताना सांगायचे, "भाजीत मीठ जरा कमी हवं, बेटा. आणि लसूण थोडा सैल हाताने." मुलगी प्रामाणिक. घरी जाऊन तसंच्या तसं सांगायची, फक्त नाव काकांचं घ्यायची नाही. एके दिवशी काकांनी दुधीची भाजी पुन्हा मागितली. ही तर दुधी बघून तोंड फिरवणारी. तरी घरी म्हणाली, "आई, तो दुधी परत कराल का?"

"आणि सासूबाई काय म्हणाल्या?" मैत्रिणीने विचारलं.

"त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मेलीस तू."

"मला माहितेय," मुलगी म्हणाली आणि तिने तिखट तेलासाठी मला हळूच ढकललं. "त्या घरात मला अजून कपाट कुठलं उघडायचं तेही विचारावं लागतं. एक त्या डब्यामुळे आमचं जमलंय. हे कळलं ना, की त्या पुन्हा माझ्याशी कधी मनापासून बोलायच्या नाहीत."

आता माझी खरी पंचाईत ऐका. दर बुधवारी एक ठेंगणी, ठसठशीत बाई आमच्याकडे यायच्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गुडघ्याला शेक घ्यायला येत आणि शेक झाला की इकडे वळत. आल्या आल्या म्हणायच्या, "मला बाहेरचं मुळीच चालत नाही. अर्धी वाटी सूप द्या, नावाला." मग नावाला एक ताट डम्पलिंग, नावाला नूडल्स, आणि शेवटी जिभेला चव म्हणून पुन्हा डम्पलिंग. "घरी सांगू नका हो," असं त्या शेजारी बसलेल्या कुणालाही सांगायच्या. त्या शेजाऱ्याला त्यांचं घर कुठे आहे हे माहीतसुद्धा नसायचं.

बाहेरच्या चमच्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पिशवीतून त्या स्वतःचा चमचा काढायच्या. त्याच्या दांड्यावर लाल ठिपका.

मी जागच्या जागी गार पडले. काच मुळात गारच असते, पण तरी.

त्या खाता खाता सुनेचं कौतुक सांगायच्या. "बोलते कमी, पण चवीची जाण बघा! मीठ किंचित जास्त पडलं तरी तिला कळतं. माझ्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या पानात मी उद्या पायपुसणं वाढलं ना, तरी 'छान झालंय' म्हणतील आणि खातील. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी खाणारं भेटलंय."

मला सगळं माहीत होतं आणि बोलायची सोय नव्हती. मुलगी बुधवार सोडून यायची, कारण बुधवारी तिच्या ऑफिसात मीटिंग असे. सासूबाई बुधवारीच यायच्या. मधली मी. दोघींची बोटं माझ्यावर उमटायची, आणि संध्याकाळी मालकीणबाई ती एकाच फडक्याने पुसून टाकायच्या.

आणि मग दवाखान्यातली शेक देणारी बाई रजेवर गेली. सासूबाईंचा बुधवार गुरुवारवर ढकलला गेला.

गुरुवारी मुलगी आणि मैत्रीण माझ्यासमोर बसल्या होत्या. वाफाळती वाटी माझ्यावर, शेजारी ठिपक्याचा चमचा. दार उघडलं. मुलीने वर पाहिलं आणि पुढच्या क्षणी ती खुर्चीत नव्हती.

"काय गं? कानातलं पडलं का?" मैत्रीण टेबलाखाली वाकली.

"सासूबाई!" खालून आवाज आला.

"कुठायत?"

"दारात! माझी पर्स खाली घे! आणि माझ्याकडे बघू नकोस!"

हॉटेल गच्च भरलेलं. मुलीच्या खुर्चीवर मैत्रिणीने झटकन आपली पिशवी टाकली. मोकळी खुर्ची एकच, आमच्याच टेबलाला, बरोब्बर समोर. सासूबाई बसल्या, गुडघा कुरवाळला आणि म्हणाल्या, "मला बाहेरचं मुळीच चालत नाही."

मैत्रिणीने माझ्यावरच्या वाटीकडे बघितलं, खाली बघितलं, आणि घाईघाईने दोन्ही वाट्या आपल्यापुढे ओढल्या.

"दोन-दोन वाट्या?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं. "खा, खा. या वयात नाही खायचं तर कधी? आमची सूनसुद्धा अशीच. तीन कप्प्यांचा डबा पुसून खाते."

"हो का?" मैत्रीण म्हणाली. "नशीबवान आहे." टेबलाखालून तिच्या पायाला चिमटा बसला. "आई गं!"

"काय झालं?"

"तिखट लागलं."

"मग पाणी पी." एवढ्यात सासूबाईंचं सूप माझ्यावर आणि डम्पलिंगची दोन ताटं त्यांच्या पुढ्यात आली. "मला जरा ते तिखट तेल दे." असं म्हणून सासूबाईंनी मला फिरवलं. मैत्रिणीच्या लक्षात आलं की मुलीचा चमचा माझ्यावरच राहिलाय. तिने मला उलट ओढलं. सासूबाईंनी सुलट ओढलं. माझे छर्रे कण्हू लागले. एका बाजूला सूप हिंदकळतंय, दुसऱ्या बाजूला सॉसची बाटली झुलतेय, आणि पाटीवरचा नियम तर साफ बुडाला. शेवटी सासूबाईंनी असा झटका दिला की तेल, सूपची वाटी आणि चमचा, सगळं त्यांच्या पुढ्यात हजर.

त्यांनी चमचा उचलला. सूप ढवळलं. मग रुमालासाठी पिशवीत हात घातला आणि थबकल्या. पिशवीतून दुसरा चमचा निघाला. दोन्ही हातांत एकेक लाल ठिपका.

"अहो, मालकीणबाई!" त्यांचा आवाज चढला. "माझा एक चमचा हरवलाय म्हणून मी घर पालथं घातलं. तो तुम्ही इथे वापरायला काढलात?"

मालकीणबाई गल्ल्यावरून धावत आल्या. "आमचा नाही हो तो. आमच्याकडे स्टीलचे चमचेच नाहीत."

"मग काय त्याला पाय फुटले? एवढी जुनी गिऱ्हाईक मी, आणि तुम्ही माझाच चमचा ठेवून घेता?"

सगळं हॉटेल बघू लागलं. मालकीणबाईंचा चेहरा एवढासा झाला. मुलीने फक्त तशीच खाली बसून राहायचं होतं. आणखी थोडा वेळ, आणि सासूबाई दोन्ही चमचे घेऊन निघून गेल्या असत्या.

टेबलाच्या कडेवर आधी चार बोटं आली. मग विस्कटलेले केस. मग मुलगी.

"त्यांनी नाही घेतला, आई. तो मी आणला."

सासूबाईंनी रागाच्या भरात नुकतंच एका चमच्याने डम्पलिंग तोंडात टाकलं होतं. ते तसंच राहिलं. एक गाल फुगलेला आणि दोन्ही हातांत चमचे, अशा त्या बघत राहिल्या. रागवायचं तर आधी गिळायला हवं, आणि गिळायला वेळ लागत होता.

"तू इथे?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही इथे?" मुलीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

"माझा गुडघा..." सासूबाईंनी सुरुवात केली. मग पुढ्यातल्या दोन ताटांकडे पाहिलं. दोन ताटं डम्पलिंग कुठल्याही गुडघ्याला लागत नाहीत. त्यांनी तो विषय तिथेच सोडला. "मग डबा कोण खातं?"

"गेटवरचे काका."

"रोज?"

"रोज."

"आणि मीठ कमी, लसूण जास्त?"

"काकाच सांगतात."

"दुधी?"

मुलीने मान हलवली. "मला दुधी आवडत नाही, आई. कधीच नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... आणि मग तुम्ही इतक्या खूश झालात की..."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. त्या मान खाली घालून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी एवढ्या जवळून कुणाचा चेहरा इतका पडलेला पाहिला नव्हता. मैत्रीण उगाच मीठदाणीवरची अक्षरं वाचत बसली.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत सुटले, माझी सून खाणारी आहे म्हणून."

"खाणारी आहेच हो ती," मैत्रिणीला राहवलं नाही. "दोन-दोन वाट्या संपवते."

"तू गप्प!" दोघी एकदम म्हणाल्या.

एकदम म्हणाल्या, हे दोघींच्याही लक्षात आलं. सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी मुलीचा चमचा माझ्यावर ठेवला, शेजारी उरलेल्या डम्पलिंगचं ताट ठेवलं आणि मला फिरवलं. सावकाश, एकाच बाजूने. ताट मुलीसमोर थांबलं.

"खा. गार होतंय. आणि आता खरं सांग. माझ्या हातचं तुला काय आवडतं?"

मुलीने खूप विचार केला. "तुमचा चहा," ती म्हणाली. "आणि काकडीची कोशिंबीर. बाकी सगळ्यात तेल फार असतं, आई."

मी श्वास रोखून धरला. सासूबाईंनी डोळे बारीक केले. "हे मात्र तुझं स्वतःचं बोलणं दिसतंय," त्या म्हणाल्या. "काकांना तेल चालतं ना? मग त्यांचा डबा चालू राहू दे. त्या माणसाला कळतं."

तेव्हापासून दोघी गुरुवारी मिळून येतात. मुलगी आता त्यांच्याशी वाद घालते. सासूबाई मला फिरवता फिरवता तिच्या वाटीतलं पळवतात.

आता माझं विचाराल, तर माझी कड एका जागी उडालीय. छर्रे कुरकुरतात. खिडकीशी मालकीणबाईंनी दोघादोघांची चिमुकली टेबलं मांडली आहेत. हल्ली लोकांना अनोळखी माणसाशेजारी जेवायला नको असतं म्हणे. उरलेल्या जागेतही तशीच टेबलं आली की आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि त्या ठोंब्याला, मागच्या खोलीत कांद्यांजवळ ठेवणार, असं मी कानाने ऐकलंय.

परवाच्या गुरुवारी सासू-सून आल्या. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "या, तुमच्यासाठी खिडकीजवळचं ठेवलंय. निवांत, दोघींचंच."

सासूबाईंनी त्या चिमुकल्या टेबलाकडे आपादमस्तक पाहिलं. "ते नको बाई," त्या म्हणाल्या. "तिथे हिच्या ताटात हात घालायचा तर सगळ्यांदेखत घालावा लागेल. इथे कसं, काच आपणहून आणून देते."

मालकीणबाई हसल्या आणि फडकं घेऊन मला पुसायला आल्या. कांद्यांचा विषय मागे पडला असावा, असं मी समजून चाललेय.

तेव्हा मंडळी, तुम्हीही या. अनोळखी माणसाशेजारी बसा, त्याच्या सुपाचा वास फुकट घ्या. फक्त एवढं ऐका: कुणाचा हात वाटीत असताना मला फिरवू नका. आणि ते कोपर, अहो ते कोपर अजून तिथेच आहे!