दाखल क्रमांक ८२१४

नथूला नोकरीवरून काढणं माझ्या हातात असतं, तर त्या दिवशीच काढलं असतं. पण हा गुजराती शिपाई माझ्या आधीपासून ग्रंथालयात होता आणि माझ्यानंतरही राहणार होता. असली माणसं हलत नाहीत, आपणच हलतो.

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. नवरा सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात इंजिनियर, म्हणून आम्ही नाशिक सोडून टोकरखाड्यात राहायला आलो होतो, आणि मी आमच्या विद्यापीठाच्या सिल्वासा उपकेंद्रात ग्रंथपाल होते. एका शुक्रवारी मुख्यालयाचं पत्र आलं: सोमवारपासून ग्रंथालय सप्ताह, त्यात स्थानिक कलेचा सर्जनशील उपक्रम करावा. मधे दोन दिवस, त्यातला एक रविवार! यांच्या सर्जनशीलतेला जाळायचंय का?

धावपळ करून टोपल्या जमवल्या, चित्रं जमवली, तरी एक भिंत रिकामीच. तेवढ्यात मागच्या व्हरांड्यात भिमाबाई दिसली. ती आमच्याकडे झाडलोट करायची. मूळची शिरपूरकडची, मसाटच्या चाळीत राहायची. दुपारच्या सुट्टीत ती एक गोधडी शिवत होती. इतके रंग, इतका बारीक टाका, की मी जागीच थांबले.

"भिमाबाई, ही मला प्रदर्शनाला द्या."

"नाही वं ताई. ही रोशनीच्या पोरासाठी आहे."

रोशनी तिची मुलगी. तिची दोन बाळं पाचवीच्या आतच गेली होती, आता तिसऱ्यांदा दिवस होते. म्हणून भिमाबाईनं नऊ घरं हिंडून, जिथली लेकरं जगली तिथून चिंध्या मागून आणल्या होत्या. "आपल्या घरचा एक धागा नाही घातला," ती म्हणाली. "पोर आमचं नाही, मागून आणलेलं आहे, असं सटवीला वाटाया पाहिजे. मग ती हात लावत नाही."

"चारच दिवस द्या," मी म्हटलं. "पाचव्या दिवशी तुमच्या हातात. माझा शब्द."

तिनं शेवटचा टाका घालून दोरा तोडला. मग दिली.

प्रदर्शन झकास झालं. शेवटच्या दिवशी पाहुण्यांना निरोप द्यायला जाताना मी नथूला सांगितलं, सगळं नीट आवरून ठेव. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर गोधडी काचेच्या कपाटात, घडी घालून. उघडली, तर जांभळ्या शाईचे दोन ठळक शिक्के! आणि दाखल-नोंदवहीत नथूच्या गोल अक्षरात: क्रमांक ८२१४, गोधडी, एक.

"नथू, हे काय केलंस?"

"बेन, तुम्हीच तो सांगितलं ना? बिनशिक्क्याचं कपाटात जायचं नाही. एक पहिल्या पानावर, एक सतराव्या."

सतरावं पान हे आमचं गुप्त पान. चोर पहिलं पान फाडतो, सतरावं विसरतो. आणि या बाबानं एक दोन तीन करत गोधडीचे तुकडे मोजून सतराव्यावर शिक्का हाणला होता! आणि हे शिकवलं मीच होतं.

उपकेंद्राचे प्रमुख प्रभाकर सर म्हणाले, "नोंदवहीत चढली ना? मग ती विद्यापीठाची. नोंद रद्द करणारी निर्लेखन समिती मार्चमध्ये बसते, तेव्हा बघू." आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

"सर, बाळंतपण डिसेंबरात आहे."

"मग अर्ज द्या."

तीन अर्ज दिले. एक परत आला, त्यावर शेरा: 'सदर वस्तू ग्रंथ आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा.' कप्पाळ माझं!

भिमाबाईला मी एवढंच सांगितलं, की सरांनी कुलूप लावलंय. शिक्क्यांचं सांगायची छाती झाली नाही. ती रोज सकाळी झाडू हातात धरून कपाटासमोर उभी राहायची, काचेतून बघायची आणि कामाला लागायची. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नऊ डिसेंबरला ती आलीच नाही. दहाच्या सुमारास तिच्या चाळीतला नवनाथ सायकल मारत आला. "ताई, रोशनीला पहाटे मुलगा झाला. दवाखान्यात आहे. भिमामावशीनं सांगितलंय, गोधडी सुटली असेल तर द्या, नसेल तर राहू द्या."

ते 'राहू द्या' मला असं झोंबलं म्हणता! मी बाइंडिंगचं रजिस्टर ओढलं. फाटकी पुस्तकं बाइंडरकडे जातात, त्याची नोंद. लिहिलं: '८२१४, शिवण उसवली, दुरुस्तीस बाहेर.' सरांच्या कानाला फोन होता. बाइंडिंगच्या रजिस्टरवर ते डोळे मिटून सही करतात, तशी केली आणि किल्ली पुढे सरकवली. नोकरीतलं माझं पहिलं खोटं. परतीच्या तारखेचा रकाना कोराच ठेवला.

दवाखान्यात रोशनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दहावी पास पोर, कारखान्यात पॅकिंगला जायची, आईच्या सटवीला हसायची. सकाळपासून तिनं बाळाकडे बघितलं नव्हतं. भिमाबाईनं घडी उलगडली आणि तिचा हात शिक्क्यावर थांबला.

"भिमाबाई, चूक माझी आहे," मी घाईघाईनं म्हटलं. "धुऊन जायचं नाही ते. काय म्हणाल ते ऐकून घेईन."

"काय लिहिलंय?"

"ग्रंथालयाची मालमत्ता."

"मंजे ही आमची नाही?"

"कागदोपत्री नाही."

"पक्कं?"

"अहो, नंबर पडलाय, नोंद झालीय! मार्चपर्यंत प्रभाकर सरांच्या बापालाही ती तुमची करता यायची नाही."

भिमाबाईचा चेहरा असा उजळला, की मला कळेचना. "माय वं! नऊ घरं हिंडले, तरी जिवाला घोर होता ताई. चिंध्या लोकांच्या, पण शिवली तर मीच ना? आता मिटलं. आता काहीच आमचं नाही." तिनं शिक्का वर येईल अशी गोधडी अंथरली, बाळाला तिच्यावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "तो शिक्का आणलाय का? पोराच्या तळपायाला लावू, तीट लावतो तसा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी तडकलेच. "शाई आहे ती! कोवळी कातडी आहे! मी ग्रंथपाल आहे की भगत? एक गोधडी सोडवता सोडवता माझा जीव गेला, आता पोराला दाखल करून घेऊ?"

रोशनीनं भिंतीकडचं तोंड वळवलं. आधी बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई," ती म्हणाली, "काजळानं उठेल का हो तो शिक्का?"

मी रिक्षा करून परत ग्रंथालयात गेले. नथूला म्हटलं, शिक्का साबणानं धुऊन दे, शाईचा एक ठिपका राहता कामा नये.

"पण बेन, मारायचा कशावर?"

"तू गप धू!" मी ओरडले, आणि मला रडूच कोसळलं.