माझा हिरवा दिवा चालूच होता

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी दोन गंजके स्क्रू आणि एक बंद पडलेले घड्याळ. मी एक जुने नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी पट्टी, एका कडेला वायर खुपसायचे भोक आणि त्याच्या बाजूला बारीकसा हिरवा दिवा. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलायचे असले की तो माझ्यामार्फत बोलतो. त्या दिव्याचा मला भारी तोरा होता. आता त्याचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो.

माझी उमेदीची वर्षे शिरवळच्या एका कारखान्यात गेली. तिथल्या सर्व्हरमध्ये, म्हणजे साऱ्या कारखान्याचे काम सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकात, मी आठ वर्षे एकही सुट्टी न घेता राबलो. कुणी पाठ थोपटली नाही, पण कुणी शिवीही घातली नाही. यंत्राला याहून मोठी शाबासकी मिळत नसते. मग नवे सर्व्हर आले, आणि मी त्या जुन्या धुडासकट भंगारात गेलो. तिथून आम्हा दोघांना क्रांतीने घरी आणले.

क्रांतीचे गाव सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी. तिचे वडील नाथाजी सैन्यात तारा आणि रेडिओ सांभाळत. आता निवृत्त होऊन शेती बघतात. संगणकाच्या नोकरीची तयारी म्हणून क्रांतीने धान्याच्या खोलीत सर्व्हर मांडला आणि त्या एका यंत्राच्या पोटात चार संगणक चालवायला घेतले. एका घरात चार चुली असाव्यात तसे ते चौघे नांदत. तीन तिच्या अभ्यासाचे होते. चौथा होता पाण्याचा.

आमच्या गावात पूर समोरून येत नाही. नदी फुगली की तिचे पाणी आधी ओढ्यात शिरते आणि गावाच्या मागून चढते. पिकाला पाणी देणाऱ्या मोटारी ओढ्यापलीकडे, नदीच्या काठाला. पावसाळ्यात माणसे पलीकडे जाऊन मोटारी सोडवून आणतात, आणि ओढा भरायच्या आत त्यांना परत यावे लागते. सांगलीच्या पुलाचा आकडा सगळ्यांना कळतो, पण ओढ्याचा आकडा कोण सांगणार? म्हणून नाथाजींनी ओढ्याच्या तोंडाशी खांब रोवून पाणी मोजणारे यंत्र बसवले. त्याचा आकडा छपरावरच्या अँटेनात येई, अँटेनाची वायर माझ्यात होती, आणि मी तो चौथ्या संगणकाच्या हाती देई. पाणी फूटभर चढले की गावातले चाळीस मोबाइल वाजत.

दोन पावसाळे मी एकही आकडा चुकवला नाही. शेजारचे कोंडीबा भावकीतल्यांना सांगायचे, "पोरीचा मेसेज आला तरच पळायचं रं. न्हाई आला म्हंजे निवांत." ते ऐकून मी फुशारून जायचो. त्या बोलण्यात काय वाढून ठेवले आहे, हे ना मला कळले, ना क्रांतीला.

तिसऱ्या वर्षी ऐन जुलैत क्रांतीने सर्व्हर चालवणारी जुनी प्रणाली काढून नवी चढवली. मित्रांनो, माझी भाषा संगणकाला येत नाही. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या प्रणालीने माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचे दुभाषे काढून टाकले होते. कोणती कार्डे चालतील याची यादी क्रांतीने वाचली होती. पण सर्व्हरला अंगचेच आणखी एक कार्ड होते. तिने त्याचे नाव शोधले, ते सापडले, आणि माझे शोधायचे राहून गेले. अंगच्या कार्डावर घरचे इंटरनेट सुरू झाले, चारही संगणक उभे राहिले. नाथाजींनी वाकून माझ्याकडे पाहिले.

"लाइट हिरवी हाय न्हवं? मग झालं की."

वायर जोडलेली आहे, एवढेच माझा दिवा सांगतो. माझे कुणी ऐकते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

त्याच दिवसापासून दोन दिवस घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, धरणातून पाणी सोडले. खांबावरून आकडे येतच होते. अकरा फूट. बारा. चौदा. सगळे माझ्या दाराशी येऊन पडत होते आणि आत घेणारा कुणी नव्हता. मी जिवाच्या आकांताने दिवा लुकलुकवत होतो. क्रांती दोनदा खोलीत आली, तो हिरवा दिवा बघून समाधानाने परत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोंडीबांची बायको रंगुबाई दारात आली. "आगं क्रांती, परवाधरनं मेसेज न्हाई. म्हंजे पाणी थांबलंय न्हवं? ह्ये जेवून मोटार आणाय गेल्यात."

क्रांतीने पाण्याचा संगणक उघडून बघितला. शेवटचा आकडा परवाचा होता. "आबा!" ती एवढेच ओरडली आणि बापलेक ओढ्याकडे धावले. रंगुबाईही त्यांच्यामागे धावली.

पुढचे मी कानांनी ऐकले. कोंडीबा मोटार उंच बांधावर ठेवून परत निघाले होते, पण ओढा त्यांच्या आधी पोहोचला होता. अलीकडून टाकलेला दोर त्यांच्या हातापासून दोन वाव लांब पडला. तिसऱ्या दिवशी ते खालच्या गावाच्या हद्दीत सापडले.

क्रांतीने सगळ्या वायरी उपटल्या. तेरावा झाल्यावर रंगुबाई आली, उंबऱ्यातच बसली. "तुझी चूक न्हाई, असं मी म्हननार न्हाई," ती म्हणाली. "पर ह्ये बंद करू नगंस. बाकीच्यांच्या मोटारी अजून तितंच हायती."

मग यादीतले नाव दहादा तपासून नवे कार्ड आले आणि मी या डब्यात आलो. त्याबरोबर एक रीतही आली. पाणी चढो वा न चढो, रोज सकाळी सातला मेसेज जातो: "पाणी इतके फूट, यंत्र चालू." रंगुबाईच्या घरात आता ओढ्यापलीकडे जाणारे कुणी उरले नाही. तरी मेसेज आला नाही तर ती येऊन कडी वाजवते.

मित्रांनो, मला फेकून दिल्याचे दुःख नाही. एवढेच मागतो. यंत्र गप्प बसले तर सारे ठीक आहे असे समजू नका. गप्प का आहे ते जाऊन बघा. आणि नवे काही चढवण्याआधी जुन्यापैकी कोण मागे राहते आहे, तेही एकदा मोजा.

पुन्हा पावसाळा आला आहे. काल रात्रीपासून पत्र्यावर सरी वाजताहेत. मघाशी बाहेरच्या घड्याळात सातचे ठोके पडून गेले. आता अंगणात चपला वाजल्या, कडी वाजली.

"क्रांती, सात वाजून गेलं गं."

डब्याच्या फटीतून मला नव्या कार्डाचा दिवा दिसतो आहे. हिरवागार.