नंतरची टोपली

“बाबा, आईची फाईल सापडली का? डॉक्टर विचारतायत.”

लेकीचा हा तिसरा फोन होता. मी कपाटासमोर उकिडवा बसलो होतो आणि खालच्या खणातले कागद माझ्याभोवती पसरले होते. बायको सकाळी दुकानात गेली ती तिथंच चक्कर येऊन पडली. दुकानदाराने लेकीला कळवलं, लेकीने तिला हॉस्पिटलात नेलं आणि मला कामावरून थेट घरी पिटाळलं. दोन वर्षांपूर्वीच्या तपासण्यांची निळी फाईल हवी होती.

“बघतोय गं. इथंच असणार.”

“इथंच म्हणजे कुठं? आई कुठल्या कपाटात ठेवते?”

“तेच बघतोय ना.”

मी दोन्ही कपाटं उपसली, पलंगाखालची पेटी ओढली, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून पाहिले. येताजाता दाराजवळची वेताची टोपली पायात येत होती. एकदा ठेच लागली तेव्हा मी ती पायानेच बाजूला सारली. चौथा फोन आला. लेक म्हणाली, “बाबा, राहू द्या. आता फाईल नको.”

बायको गेल्याचं मला असं कळलं.

फाईल संध्याकाळी सापडली. भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून शेजारच्या वहिनींनी टोपली उचलली, तर घडी न केलेल्या टॉवेलखाली ती होती. पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचं होतं, म्हणून बायकोने सकाळीच काढून ठेवली असणार. फाईल वेळेत मिळाली असती तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. माणूस चांगला आहे.

टोपलीचं सांगायला हवं. आमचं घर कधीच चकचकीत नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात तिघांचं सामान. बायको म्हणायची, “घर काय प्रदर्शनात मांडायचंय? दारापासून ओट्यापर्यंत वाट मोकळी हवी आणि सिंक रिकामं हवं. बाकीचं नंतर.” ते बाकीचं टोपलीत जायचं. तुटलेलं बटण, लेकीची क्लिप, माझा एकटा मोजा, जे हाताला लागेल ते. संध्याकाळचा चहा झाला की ती टोपली काखेला लावून घरभर एक फेरी मारायची आणि पंधरा मिनिटांत टोपली रिकामी व्हायची. लेक लग्न होऊन गेली तरी ही फेरी चुकली नाही. तिच्या मागून मी ओरडायचो, “अगं, माझी कात्री?” ती टोपलीतूनच कात्री काढून हातात द्यायची. “काखेत कळसा नि गावाला वळसा! फक्त काख माझी, वळसा तुमचा.”

मी एकतीस वर्षं बसडेपोचं स्टोअर सांभाळतोय. कुठला नट कुठल्या कप्प्यात आहे ते डोळे मिटून सांगेन. बायको आल्यागेल्याला सांगायची, “डेपोतले सगळे नट ह्यांना तोंडपाठ, आणि स्वतःचा बनियन विचारा, कपाळाला हात!”

दोन महिन्यांनी लेक आली तेव्हा माझा चष्मा फ्रीजमध्ये होता आणि दूध कपाटात.

“बास झालं, बाबा. माझ्याकडे चला. हे घर बंद करू.”

“मला इथंच राहायचंय.”

“मग नीट राहून दाखवा. महिना देते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन. तेव्हाही असाच पसारा असला तर बॅग भरायची. वाद घालायचा नाही.”

बोलणं थेट आईसारखं. मी मान हलवली.

मला एकच पद्धत येते. स्टोअरमधल्या फळ्यावर प्रत्येक हत्याराभोवती रंगाने रेघ मारलेली असते. पक्कड परत आली नाही की तिची रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. मी काळं मार्कर पेन आणलं आणि घरभर तेच केलं. सांडशी, गाळणं, पातेली, चष्मा, किल्ल्या, रेडिओ, सगळ्यांभोवती रेघा. दुधाच्या पिशवीचीही जागा फ्रीजमध्ये आखली. वहिनी वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि ओट्यापाशी थबकल्या.

“अगंबाई, भावोजी! हे काय, खून झाल्यावर पोलीस आखतात तसं?” म्हणाल्या आणि मग जीभ चावली.

“चालायचंच,” मी म्हणालो. “वाटी त्या गोलात ठेवा.”

रविवारी लेक आली. दारापासून ओट्यापर्यंत वाट मोकळी होती आणि सिंक रिकामं होतं. रेघा बघून ती आधी हसत सुटली. “बाबा, साबणालासुद्धा?” मग चपलांच्या रॅकपाशी गेली आणि हसायची थांबली. खालच्या फळीवर माझ्या बुटांशेजारी बायकोच्या घरातल्या सपाता होत्या. रॅकवर जे जे होतं त्याभोवती मी रेघ मारत गेलो होतो. मारताना काही वाटलं नव्हतं.

 लेकीने डोळे पुसले आणि टोपलीकडे बोट केलं. “आणि ही?”

“ती राहिलीय.”

“तेव्हापासून? द्या, मी आवरते. पाच मिनिटांचं काम.” तिने टोपली पुढ्यात ओढली. टॉवेल, टॉर्चचा सेल, बाटलीचं बूच, दोन बटणं, एक किल्ली. तिने एक पितळी स्क्रू उचलला. “हा कशाचा?”

“माहीत नाही. पाऊण इंची, चपट्या डोक्याचा. घरातली सगळी दारं पाहिली, बिजागऱ्या पाहिल्या, खुर्च्या उलट्या केल्या. कुठंच स्क्रू कमी नाही.”

“मग टाकून द्या.”

“कशाचा तरी आहे तो. तिला माहीत होतं.”

“ही किल्ली?”

“तीही कुठं लागत नाही.”

लेकीने स्क्रू तळहातावर फिरवून पाहिला, किल्ली पाहिली आणि दोन्ही पुन्हा टोपलीत ठेवली. टॉवेल होता तसा वर टाकला. चहा पिऊन तिने स्वतःचा कप धुतला आणि त्याच्या रेघेत नेमका बसवला.

“पुढच्या महिन्यात येते,” जाताना ती म्हणाली. बॅगेचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

वाट रोज मोकळी असते. सिंक रिकामं करूनच झोपतो. संध्याकाळी चहा झाला की टोपली काखेला लावून तिन्ही खोल्यांतून फिरतो आणि परत दाराजवळ आणून ठेवतो. ती अजून रिकामी झालेली नाही.