किती चालते हो ही?

मी अंबिकाबाईंची चार्जिंगची गाडी बोलतेय. निळा रंग, पुढं जाळीची टोपली, डाव्या आरशाला तडा. सहा वर्षांत मी चकार शब्द काढला नाही. मला इंजिनच नाही, तर आवाज कुठला? पण आता डोक्यावरून पाणी गेलंय, म्हणून आज बोलणार, आणि चिडूनच बोलणार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. खोक्यातून सुटी सुटी नांदेडला आले. इथं दोन माणसांनी मला जोडलं, शेवटी एक स्क्रू उरला, तो एकानं खिशात घातला. तो स्क्रू कुठला होता हे मला अजून कळलेलं नाही. सुरुवातच अशी, तर पुढचं काय सांगावं!

अंबिकाबाई विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाला. घर जुन्या नांदेडात. पूल ओलांडायचा, लातूर फाट्यावरून वळायचं, जाऊन-येऊन वीस किलोमीटर. माझ्याआधी नऊ वर्षं त्यांचे यजमान संगमेश्वर त्यांना मोटारसायकलवर सोडायचे. सोडायचे म्हणजे रोज उपकार करायचे. त्यांचं बियाण्यांचं दुकान साडेआठला उघडणार, म्हणून बाईंना आठलाच कॉलेजच्या पायरीवर उतरवून ते मोकळे. लायब्ररी उघडणार दहाला. संध्याकाळी गिऱ्हाईक असलं की परत सात वाजेपर्यंत तीच पायरी. बाईंना गिअरची गाडी जमली नाही. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना दोन वेळा पाय टेकला आणि तिसऱ्या वेळी त्या गेल्याच नाहीत.

मग कुणीतरी सांगितलं, की ताशी पंचवीसच्या वर न पळणाऱ्या बॅटरीच्या गाडीला लायसन्स लागत नाही. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच्या पगारातून मला घेऊन आल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, मीटरला हळदकुंकू लावलं. त्यातलं कुंकू हॉर्नच्या बटणात गेलं, ते अजून तिथंच आहे आणि पावसाळ्यात माझा घसा बसतो. पण पहिल्या दिवशी घरी आल्यावर बाई काय म्हणाल्या ते मी विसरणार नाही. चप्पल न काढता त्या संगमेश्वरांना म्हणाल्या, "आज मी कुणालाच विचारलं नाही, किती वाजता निघू म्हणून."

तेव्हापासून माझं काम मला कळलं. वीस किलोमीटर जायचं, यायचं, आणि या बाईला परत त्या पायरीवर बसू द्यायचं नाही.

काम सोपं होतं. अवघड केलं ते माणसांनी. पंचवीसच्या वेगानं मी जाते, त्यामुळे सगळं नांदेड मला मागं टाकतं. ऑटो टाकतात, टमटम टाकतात, अर्धापूरची केळी भरलेला ट्रॅक्टरसुद्धा टाकतो आणि वर हॉर्न वाजवतो. एकदा पुलावर एक सायकलवाला पुढं गेला आणि मागं वळून हसला. मला आवाज नसल्यामुळे रस्त्यावरची म्हैस हलत नाही, कुत्रं उठत नाही. आणि सिग्नलला थांबलं की शेजारचा माणूस विचारणारच, "किती चालते हो ही?" बाई सांगणार, पन्नास. लगेच पुढचा प्रश्न, लाईट बिल किती येतं? मग तो मान हलवणार, जणू उद्या घेणारच आहे. सहा वर्षांत त्यातल्या एकानं घेतली असेल तर शपथ!

बरं, बाई माझ्याशी नीट वागतात म्हणाल तर तेही अर्धंच. टोपलीत दळण, पायाशी दळण, मागं लायब्ररीच्या सिंधुबाई. दोघींचं वजन, त्यात दळणाचं, आणि वर म्हणतात, आज गाडी जड चालायली. तरी मी चालले. दोन वर्षांमागं बॅटरी नवी बसवली, तेव्हापासून तर वीस किलोमीटर मला काहीच नव्हते. परत आले तरी मीटरवरच्या पाचांतल्या तीन कांड्या शिल्लक असायच्या.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर अप्पा राहायला आले.

अप्पा म्हणजे शिवप्पा, संगमेश्वरांचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. लातूरला गंजगोलाईत चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. गुडघे गेले, दुकान बंद झालं, म्हणून धाकट्या मुलाकडं आले. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा, मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. सुनेवर भारी जीव. बाई दमून आल्या की स्वतः उठून तांब्याभर पाणी आणून देणार.

त्याच महिन्यात माझ्या कांड्या कमी व्हायला लागल्या. आधी तीन उरायच्या, मग दोन, मग एक. पौषात तर पुलाच्या मधोमध मी थांबले. बाईंनी फोन केला. संगमेश्वर आले आणि त्यांनी काय करावं? मला दोन्ही हातांनी धरून आडवी केली, गदागदा हलवली. पेट्रोलच्या गाडीला तळातलं पेट्रोल मिळावं म्हणून करतात ना, तसं. अहो, माझ्या पोटात काय सांडून राहिलंय जे तुम्ही गोळा करताय? वर बाईंना विचारतात, "हिला रिझर्व कुठाय?" पंधरा वर्षं गाड्या चालवलेला माणूस! शेवटी बाईंनी मला ढकलत घरी आणलं. अप्पा ओट्यावरून उठले, सुनेला पाणी दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "डबडं हाय हे, डबडं."

डबडं! आता ऐका खरं काय ते.

माझा चार्जर जिन्याखालच्या बोळात लावतात. बाई रात्री स्वयंपाक, भांडी आटोपून नऊला पिन लावणार. भरायला मला सात-आठ तास लागतात. साडेनऊ वाजले की अप्पा काठी टेकत बोळात यायचे आणि बटण बंद करून जायचे. चाळीस वर्षं दुकान बंद करताना मेन स्विच खाली पाडायची सवय. विजेच्या तारेनं गंजगोलाईत एकदा कुणाची तरी बारदानाची वखार जळालेली त्यांनी पाहिली होती, तेव्हापासून जास्तच. आणि सकाळी पूजा झाली की साडेसातला परत येऊन बटण चालू. दुकान उघडायची तीही सवयच. बाई सव्वानऊला पिन काढायला वाकायच्या, तेव्हा बटण चालू, दिवा लागलेला. त्यांना कळणार कसं? आणि मी सांगणार कुणाला? रात्रभर उपाशी उभी आणि सकाळी शिव्या खायला तयार.

बाईंनी कॉलेजात चार्जिंग करू द्या म्हणून अर्ज दिला. उत्तर आलं, खाजगी वाहनाला कॉलेजची वीज देता येत नाही. तिथल्या ऑफिसात चहाची शेगडी दिवसभर विजेवर चालते, ते सोडा.

मग शेषेराव मेकॅनिक आले. त्यांनी माझी सीट उचलली, दोन वायरी लावून बघितल्या, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सांगितलं, सेल बसले. बसले म्हणे! मी इथं उभी आहे आणि माझे सेल बसले. नवी बॅटरी घ्यायची तर निम्म्या गाडीचा पैसा. संगमेश्वर म्हणाले, काढून टाकू. मी सोडत जाईन की आधीसारखं. नाहीतर आता कशाला ही दगदग, नोकरी सोड, अप्पांकडंही बघता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसताना बाई माझ्या हँडलवर हात ठेवून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांची नोकरी अजून अकरा वर्षं होती. त्या पायरीवरची अकरा वर्षं त्या मोजत होत्या, मला कळत होतं.

गिऱ्हाईकही मिळालं. उमरीचे रेणुकादास गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, गावातल्या गावात फिरायला गाडी पाहिजे होती. संगमेश्वरांनी फोनवर शब्द दिला, शिवरात्रीनंतरच्या रविवारी न्या.

शिवरात्रीला अप्पा लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला गेले, दर वर्षी जातात तसे. आठ दिवस. आणि काय सांगू, मी आठ दिवस पोटभर जेवले! पाचच्या पाच कांड्या. गेले, आले, तीन शिल्लक. बाई चकित. त्यांनी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, ऊन वाढलंय म्हणून चालायली, पावसाळ्यात परत रडवील, आणि मी शब्द दिलाय. नवऱ्याचा शब्द म्हटल्यावर बाई गप्प. इतकी गप्प बाई मला आवडत नाही. पहिल्या दिवशीची बाई मी ओळखते ना!

शनिवारी अप्पा परतले. बत्तासे आणले, प्रसाद दिला, रात्री साडेनऊला काठी टेकत आले आणि टक्. मी डोक्याला हात लावला असता, हात असते तर.

रविवार उजाडला. गुरुजी अकराला येणार, म्हणून मला धुवून द्यावी असं बाईंच्या मनात आलं. एरवी साडेसातला त्या कधी बाहेर नसतात, तेव्हा पोळ्या चालू असतात. त्या दिवशी बादली घेऊन जिन्यापाशी आल्या आणि तिथंच थांबल्या. अप्पा बोळात उभे होते. कपाळाची विभूती ओली होती. त्यांनी बटणाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, दुकान उघडताना लावायचे तसा, आणि मग बटण चालू केलं. माझा दिवा लागला.

बाईंनी बादली खाली ठेवली. "अप्पा, हे बंद होतं का?"

"हाव. मीच करतो रोज रातच्याला. घरात माणसं झोपल्यावर तारेत लाईट ठिवू न्हाई."

"रोज? दिवाळीपासून?"

"हाव की. तुमी दमून झोपता, तुमाला कशाला तरास."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडाव्यात अशी माझी फार इच्छा होती. पण त्या हळूच म्हणाल्या, "अप्पा, रात्रभर लाईट असली तरच ही भरते. मी चार महिने हिला ढकलत आणली. आज हिला विकायलोय, आणि उद्यापासून मी परत पायरीवर."

अप्पांना पायरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, आठ ते दहा आणि पाच ते सात, उन्हातलं आणि पावसातलं. अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. मग ओट्यावर जाऊन बसले, ते अकरापर्यंत हलले नाहीत.

गुरुजी वेळेवर आले. उमरीहून रेल्वेनं आले, इथून टेम्पो सांगितला, पिशवीत हार आणि नारळ. संगमेश्वर चावी घेऊन पुढं झाले. तेव्हा अप्पा उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"गुरुजी, गाडी इकायची न्हाई."

संगमेश्वर म्हणाले, "अप्पा, मी शब्द दिलाय."

"मला कळतंय. चाळीस वर्सांत मी दारात आलेलं गिऱ्हाईक वापस धाडलं न्हाई. आज धाडायलोय. खोट गाडीत न्हाई गुरुजी, माझ्या हातात हाय." आणि त्यांनी टेम्पोवाल्यासमोर, गल्लीतल्या चार लोकांसमोर बटणाची सगळी हकीकत सांगितली. मुलाकडं वळून एवढंच म्हणाले, "आन् तिला कुठं सोडायची गरज न्हाई. ती जाती की तिची तिची."

बाई दारात उभ्या होत्या. पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

गुरुजी भला माणूस. अप्पांनी त्यांना आग्रहानं बसवून घेतलं, गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, वाढली, वरून तूप सोडलं. जाताना गुरुजींनी पिशवीतला नारळ काढला. आणलाच आहे तर परत कशाला नेऊ म्हणाले आणि माझ्या पुढच्या चाकाजवळ फोडला. शेषेरावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, मी तर आधीच म्हणलो होतो, बॅटरीत काही दोष नाही. यावर मी काय बोलू?

आता रोज रात्री साडेनऊला अप्पा बोळात येतात. हात बटणाकडं जातो, अर्ध्यात थांबतो. माझा लाल दिवा बघत थोडा वेळ उभे राहतात आणि काठी टेकत परत जातात. त्यांना झोप लागत नाही, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षांची सवय ते सुनेसाठी रोज नव्यानं मोडतात, म्हणून मी त्यांचं 'डबडं' माफ केलंय. पूर्ण नाही, पण बरंचसं.

आणि तुम्ही, सिग्नलला शेजारी थांबणारे! मी किती चालते हे बाईंना विचारू नका, मला विचारा. अजून अकरा वर्षं चालायचंय मला. तुमच्या घरातली एखादी गाडी, एखादी बाई दमून मधेच थांबायला लागली, तर तिला आडवी करून हलवू नका. आधी घरात जाऊन बघा, रात्री तिचं बटण कोण बंद करतंय.