कमळची सावड

आमच्या टोकावड्याच्या बाजूला भातलावणी सावडीने होते. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. माझी बायको कमळ आषाढात तापाने गेली. त्याआधी ती सात घरांची लावणी करून आली होती. आमची पाळी शेवटची होती. कमळ गेल्यावर त्या घरांतल्या सातजणी शेतावर आल्या, पण मी त्यांना परत पाठवलं. मला माणसं नको होती. मी आणि माझी मुलगी रेश्मा, दोघांनी जमेल तेवढं लावलं. निम्मं शेत पडीक राहिलं.

रेश्मा जनावरांची डॉक्टर आहे. लष्करात घोडे, खेचरं आणि कुत्र्यांसाठी डॉक्टर असतात आणि ते अधिकारी असतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिने अर्ज केला. पौषात पत्र आलं. भोपाळला पाच दिवस परीक्षा.

माझा थोरला भाऊ धाऊदादा ओटीवर बसून म्हणाला, "खेचरांची दाई व्हायला शिकवलीस हिला? मुरबाडचं चांगलं स्थळ हाय. आय गेल्यावर वर्षाच्या आत लगीन उरकायला लागतं. नायतर तीन वर्सं थांब."

"मग थांबू," मी म्हणालो.

"लोक काय बोलतील?"

"लोक कमळच्या औषधाला आले होते का?"

दादा उठून गेला.

धावणं, दोरावर चढणं, मुलाखतीची तयारी, सगळं रेश्मा एकटी करत होती. एकच गोष्ट एकटीने होत नव्हती. भोपाळच्या परीक्षेत सात-आठ जणांना दोन फळ्या, एक दोर आणि एक जड ड्रम देतात. मधली जमीन म्हणजे नदी. सगळ्यांनी ड्रम घेऊन पाय न टेकवता पलीकडे जायचं. एक जण पुढारी, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. रेश्माला गाठी मारता येत होत्या. पण मोठ्या माणसाला हुकूम देणं तिला जमत नव्हतं. मोठ्यांपुढे मान खाली, हेच आम्ही तिला शिकवलं होतं. चूक आमची होती.

मी सातही घरी गेलो. म्हणालो, "कमळची सावड राहिलीय. उद्या सकाळी या. शेतकाम नाय, ड्रम उचलायचाय."

त्या सातजणींतली हौसा हसली. "येडा झालास का रे रामा?"

"झालो. येतेस का?"

"येते."

सातहीजणी आल्या. पडीक तुकड्याच्या दोन बांधांमधली जमीन आम्ही नदी धरली. भाताच्या रिकाम्या ड्रममध्ये माती भरली. बायकांनी लुगडी खोचली.

"हौसाकाकू, जरा ही फळी धराल का? वाटलं तर," रेश्मा म्हणाली.

"मला तर चहा घ्यावासा वाटतो," हौसा म्हणाली. सगळ्या हसल्या. "असं नाय गो पोरी. तुजी आय लावणीला उभी राहिली का आमी मान वर करायची नाय."

तीन दिवस ड्रम नदीतच पडला. चौथ्या दिवशी अर्ध्यात आला, तेवढ्यात धाऊदादा आला आणि पुढच्या फळीवर उभा राहिला.

"सावड शेताची असते. असल्या खेळाला नाय. चला घरी सगळ्या."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. भोपाळला मी नसणार होतो.

रेश्माचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "काका, फळीवरून उतरा."

"कोनाला सांगतेस गो?"

"तुमाला. ड्रमच्या वाटेत उभे हाव तुमी. दोर धरा, नायतर बांधावर जा."

"हिच्या लग्नाला मी उभा राहनार नाय, रामा. आयकतोस ना?"

"ती तुज्याशी बोलतेय, दादा. तिला सांग," मी म्हणालो.

दादाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. "उतरा काका," ती परत म्हणाली. आवाज चढवला नाही.

दादा उतरला. दोर धरला नाही. बांधावरून चालत घरी गेला. तो लग्नाला येणार नाही, मला माहीत आहे. निवड होईल का, ते माहीत नाही. भोपाळला ती जाणार, एवढं त्या सकाळी ठरलं.

सातजणींतली जानकीबाई दोर धरून मागे रेलली होती. "आता काय करू, ते सांग बाय. ड्रम घसरतोय."

"बाबा, जानकीमावशीच्या मागे दोर धरा," रेश्मा म्हणाली. "सैल सोडू नका. हौसाकाकू, फळी पुढे घ्या."

हौसाने फळी पुढे घेतली. मी दोर धरला.