आडव्या सीटचा कर

पैसा नव्हता म्हणून अडलं, असं कुणी म्हणालं तर साफ खोटं. बिरप्पाच्या गाठीला पैसा होता. डाळिंबाची बाग यंदा साधली होती, मेंढे बाजारात चांगल्या भावानं गेले होते. सांगोल्याहून सकाळच्या एस्टीनं येऊन तो सोलापुरात, सात रस्ता चौकात, शिवयोगीच्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात बसला तेव्हा बंडीच्या आतल्या खिशातलं नोटांचं पुडकं त्याच्या छातीला टोचत होतं. अडलं ते त्याच्या तोंडापायी.

झालं होतं असं. त्याची लेक विजयमाला लंडनला नर्स. तिच्या बाळंतपणाला बायको, मायाक्का, गेली. जिनं जन्मात कधी मुंबई बघितली नव्हती ती बाई एकटी विमानात बसून गेली, याचं गावाला केवढं अप्रूप! लेक सुखरूप सुटली, नात झाली, आणि माघारी यायचं तोंडावर आलं असताना मायाक्का जिन्यावरनं घसरली. मणक्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, विमानात आडवं पडून जात असाल तर जा. इतका वेळ बसलात तर पाठ कायमची जाईल. लेक म्हणाली, मग राहा की हितंच. मायाक्का कुठली ऐकते! "ओल्या बाळंतिणीनं माझं सगळं अंथरुणात काढायचं व्हय? मला घरी न्या."

जावई पृथ्वीराज गुणाचा पोरगा. कंपनीच्या कामाला हिंडून हिंडून विमानवाल्यांकडं त्याचे पॉइंट साठले होते. ते खर्चून त्यानं सासूची साधी सीट बदलून पुढची, गादीसारखी आडवी होणारी सीट मागितली, आणि आदल्या संध्याकाळी ती मिळालीही. पण त्या देशातनं उडणाऱ्या माणसावर तिथल्या सरकारचा एक कर असतो, आणि सीट वरच्या वर्गाची झाली की तो दुपटीच्या वर जातो. सीट तुम्ही पॉइंटवर घ्या नाहीतर कुणी दान देऊ द्या, सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. वाढलेला कर पैशातच भरायचा, तोही कार्डानं.

"मामा, तेवढा मी भरतो," पृथ्वीराज फोनवर म्हणाला.

आता गप बसावं की नाही माणसानं? बरं म्हणावं, जावयाला आशीर्वाद द्यावा, झोपावं. पण बिरप्पा म्हणजे नात होईपर्यंत लेकीच्या सासरी जाताना पाण्याची बाटली स्वतःची नेणारा माणूस! पॉइंट म्हणजे किराणा दुकानातल्या कुपनासारखं फुकटचं काहीतरी, असं समजून ते त्यानं कसंबसं गिळलं होतं. रोख पैसा मात्र घशाखाली उतरेना.

"ती पट्टी मी भरणार," तो गरजला. "लेकीच्या घरचा एक पैसा जरी तिच्या आईच्या अंगाखाली लागला, तर बिरोबाची आण हाय!"

फोन स्पीकरवर होता. पलीकडं सगळ्यांनी ऐकलं. अंथरुणात पडलेल्या मायाक्कानंही.

विमान आज होतं. विजयमालानं पैसे भरायची लिंक शिवयोगीला पाठवली. शिवयोगीनं आधी बिरप्पाचं बँकेचं कार्ड घातलं. ते देशाबाहेर चालत नव्हतं. मग त्यानं स्वतःचं घातलं, बिरप्पाकडनं नोटा घ्यायच्या बोलीवर. तेही परत आलं. "परत एकदा मारा की," बिरप्पा म्हणाला, आणि शिवयोगीनं परत मारलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हंतंय?"

"लिंक बंद केली, मामा. लई वेळा फसलं म्हणून. आता फक्त विमानतळावरच्या काउंटरवर भरायचं. ज्याचं कार्ड, तो माणूस तिथं उभा पाहिजे."

तिथं उभी होती विजयमाला. चाकाच्या खुर्चीत आई, गळ्यातल्या झोळीत तान्ही पोर. काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. तिचा फोन आला.

"आप्पा, कार्ड हातात धरून उभी हाय मी. भरू का? लवकर सांगा."

शिवयोगी हळूच म्हणाला, "मामा, भरू द्या तिला. तुमच्या नोटा मी आजच तिच्या हिकडच्या खात्यात टाकतो. मग पैसा तुमचाच झाला की."

बिरप्पानं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात बोललेलं माघारी घेतलं नव्हतं त्यानं. पण बायकोची पाठ डोळ्यांपुढं आली आणि सगळा ताठा गळून पडला.

"भर पोरी," तो म्हणाला. "माझी आण मी माघारी घेतली."

"कोण घेतंय माघारी?" हा आवाज मायाक्काचा. तिनं लेकीच्या हातातनं फोन घेतला होता. "अवो, आण काय मुंडासं हाय व्हय, बांधलं आन् सोडलं?"

"अगं, पैसा माझाच हाय. हितं टेबलावर काढून ठिवलाय."

"तितं हाय न्हवं? हितं लेकीचंच कार्ड लागणार की."

"तुजी पाठ मोडंल, बये!"

"पाठ माजी हाय. लेकरू तिचं हाय." मायाक्काचा आवाज खाली आला. "पाचवी पुजून किती दिस झालं तिची? बिरोबाची आण मोडून मी पाय पसरून निजू, आन् उद्या ह्या जिवाला काय झालं तर? कुनाला तोंड दावू मी?"

रागाच्या भरात आपण बोलून गेलो ते कुणावर जाऊन बसेल, हा विचारच बिरप्पाच्या मनाला शिवला नव्हता. त्याला वाटलं होतं, आण आपली आहे, आपल्यापुरती आहे.

"मी बोललो, मी निस्तरतो," तो गयावया करू लागला. "देवाम्होरं नाक घासतो. बकरं देतो. समदं माज्यावर घेतो. तू फकस्त तिला भरू दे. तुज्या पाया पडतो, मायाक्का."

बायकोला असं तो कधी बोलला नव्हता. शिवयोगीनं मान फिरवून रस्त्याकडं पाहिलं.

"काय बी बोलू नगा," मायाक्का म्हणाली. "तुमच्या शब्दाच्या भाईर मी कवा गेले हाय का? मग आजच कशी जाऊ?"

फोन विजयमालाकडं गेला. ती रडत होती. "आप्पा, मी तशीच भरते तिला न इचारता."

"भर! भर पटकन!"

"पन त्या सीटवर बसणार न्हाय म्हंतीया. जमिनीवर पडून राहीन म्हंतीया. आप्पा, तुमी सांगा की तिला. तुमचं ऐकती ती."

माझंच तर ऐकतेय ती, असं बिरप्पाच्या अगदी ओठावर आलं. एवढी मेंढरं नुसत्या हाळीवर वळवणारा गडी, आणि सातासमुद्रापलीकडं बसलेली एक बाई त्याला वळवता येत नव्हती. करायला काही उरलंच नव्हतं. तिकडं काउंटरवरचा माणूस काहीतरी म्हणाला.

"बंद झालं, आप्पा," विजयमाला म्हणाली.

परत मायाक्कानंच फोन घेतला. "बसून येते की मी. त्यात काय! तुमी जेवलासा का? मोकळ्या पोटी फिरू नगा उनाचं."

फोन बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं. गडबडीत लेकीचा तो फोन तिच्या मांडीवर तसाच चालू राहिला असावा. आधी चाकांचा खडखडाट आला. मग परकी माणसं काहीबाही बोलली, कुणीतरी तिला उचललं असेल, आणि मायाक्का कळवळली. "आई गं!" मग दात आवळून दाबलेला, लांबत गेलेला हुंदका. आणि त्यातनंच हळू, "बिरोबा, माज्या नातीला सांभाळ रं बाबा."

टेबलावर नोटा तशाच पडल्या होत्या. शिवयोगीला ते ऐकवेना. त्यानं फोन बंद करायला हात पुढं केला.

बिरप्पानं त्याचा हात धरला. "राहू दे," तो म्हणाला. "मीच बसवलीया तिला तितं."