ताईचा डावा हात

पक्षाघातानंतर ताईचा डावा हात लुळा पडला आणि तिचा डावा हात मी झाले. बटणं मी लावायची. उजवा हात धडधाकट असूनही घास मीच भरवायचा. कुणी टोकलं तर मी खेकसायचे, "बहीण कुणाची आहे?"

ताईने जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. आज ती वैतागली. "नुसतं अंगावर येऊन पडतं, त्याला अनुभव म्हणत नाहीत गं. आपण काहीतरी करायचं आणि त्याचं जे होईल ते सोसायचं, दोन्ही मिळून अनुभव. करायचं सगळं तूच उरकतेस. मग मला उरतं काय?"

"घे मग, कर!" मी फणकाऱ्याने चहाचा कप तिच्या डाव्या हातापुढे सरकवला.

बोटं कपाच्या कानात कशीबशी अडकली. कप जेमतेम उचलला गेला आणि कलंडला. चहा तिच्या मनगटावर सांडला.

"भाजलं!" ताई ओरडली.

आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्या हाताला इतके महिने टाचणी टोचलेलीही कळत नव्हती.

मी रडतच फडकं आणलं. तिने ते माझ्याकडून हिसकावून घेतलं.

"मी सांडलंय. पुसणारही मीच."